पणजी एक की दोन?
गोव्यातल्या जुन्या विक्रीखतात 'राधाबाई', घरच्या पोथीत 'द्वारकी', मग पणजी एकच का, असं एकांनी विचारलंय. बहुधा एकच: लग्नात नाव बदलायचं. पण पहिली वारल्यावर दुसरी आली असंही असू शकतं, म्हणून नाव सोडा, तिच्या वडलांचं नाव आणि गाव जुळवा. आमचं कोडं पणजोबांच्या मागे झालेल्या इन्व्हेंटरीत (माणूस वारल्यावर कोर्टात होणारी मालमत्तेची यादी नि वाटणी) सुटलं. गोव्यात लागू झालेल्या १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेत नवरा-बायकोच्या मालमत्तेत सहसा अर्धा वाटा बायकोचा, त्यामुळे विधवेची नोंद त्यात येतेच. जुने कागद गोव्याच्या पुराभिलेख खात्यात मिळतात (पणजी शोधायला पणजीलाच जायचं!). मात्र पोर्तुगीज स्पेलिंगची सवय करा: शंकर 'एक्स'खाली असतो, केशव 'क्यू'खाली. मी दोन दिवस केशवला 'के'त शोधत बसले होते.