स्ट्रॅटला पन्नास-साठच्या दशकातला टोन हवा असेल तर कोणते पिकअप बसवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिटार इंडोनेशियात बनलेली, स्ट्रॅटच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) घडणीची, तीन सिंगल कॉइल पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग). आवाज कर्कश आणि चपटा वाटतो. जुन्या रेकॉर्डवरचा खणखणीत, घंटेसारखा टोन हवा आहे. दुकानदार म्हणतो, जास्त किलो-ओमचे 'हॉट', म्हणजे जोरदार सिग्नल देणारे, पिकअप घ्या. ते घ्यावेत का?

घेऊ नका. हॉट पिकअप लावलेत तर हव्या त्या आवाजापासून आणखी लांब जाल. जुने स्ट्रॅट पिकअप आजच्या मानाने अशक्त होते आणि त्यांचा गोडवा त्या अशक्तपणातच आहे.

१९५४ पासून साठच्या दशकापर्यंतच्या फेंडरच्या पिकअपची रचना अगदी साधी होती. वर-खाली फायबरच्या दोन पट्ट्या, त्यांत अल्निको या मिश्रधातूच्या सहा चुंबक-कांड्या, आणि त्या कांड्यांभोवतीच ४२ नंबरच्या तांब्याच्या वायरचे साधारण साडेसात ते साडेआठ हजार वेढे. पहिल्या वर्षातल्या काही पिकअपमध्ये अल्निको ३ होतं, पुढे अल्निको ५ कायम झालं. १९६४ च्या सुमारापर्यंत वायरवर फॉर्मव्हारचं जाड आवरण असे, नंतर साधं इनॅमल आलं. रेझिस्टन्स साधारण साडेपाच ते साडेसहा किलो-ओम.

तुमच्या गिटारच्या पिकअपमध्ये बहुधा हे काहीच नसेल. पिकगार्ड (पिकअप ज्यावर बसवलेत ती पुढची प्लास्टिकची पाटी) उघडून पिकअपच्या तळाशी बघा. तिथे काळपट-राखाडी, आडवी, चिकटवलेली पट्टी दिसली तर ते सिरॅमिक चुंबक. अशा पिकअपमध्ये वर दिसणारे पोल (तारांखालची सहा गोल टोकं) चुंबक नसतात, नुसत्या लोखंडी कांड्या असतात. कॉइलच्या पोटात लोखंड आलं की इंडक्टन्स वाढतो, आणि लोखंडात फिरणाऱ्या प्रवाहांमुळे वरच्या पट्टीतली धार बोथट होते. खऱ्या जुन्या पद्धतीच्या पिकअपच्या तळाशी कांड्यांची सहा गोल टोकं सरळ दिसतात. खरेदीआधी तळाचा फोटो मागायचा तो यासाठी.

आता किलो-ओमबद्दल, कारण सगळी गल्लत तिथेच होते. हा आकडा फक्त वायरची लांबी आणि जाडी सांगतो. फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारच्या नेक (मानेकडच्या) पिकअपला ४२ नंबरहून बारीक, ४३ नंबरची वायर असते. त्याचा आकडा सात-साडेसातच्या घरात जातो, पण आवाज मऊ आणि दबकाच असतो. शिवाय तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. थंडीत १८ अंशांना ५.८ दाखवणारा पिकअप मे महिन्यात ३८ अंशांना ६.२५ च्या आसपास दाखवेल, आणि आवाजात मात्र काडीचा फरक पडलेला नसेल. म्हणून ५.९ आणि ६.२ मध्ये निवड करत बसू नका.

बघायचा आकडा म्हणजे इंडक्टन्स, हेन्रीमध्ये. पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एक उंचवटा तयार करतात, आणि तो कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बसतो त्यावर पिकअपचा स्वभाव ठरतो. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट पिकअपचा इंडक्टन्स २.३ हेन्रीच्या आसपास असतो. पाच मीटरची केबल म्हणजे साधारण ५०० पिकोफॅराड, पिकअपचे स्वतःचे १०० धरा. उंचवटा येतो ४,३०० हर्ट्झच्या जवळ. घंटेसारखी किणकिण ती हीच. ४ हेन्रीच्या हॉट पिकअपला तोच उंचवटा सव्वातीन हजारांवर उतरतो. तिथे आवाज मध्यातून जाड होतो, चमक जाते. उत्पादकाने हेन्रीचा आकडा दिलाच नसेल तर ४२ नंबरची वायर, अल्निको कांड्या आणि ६.५ किलो-ओमच्या आत रेझिस्टन्स, या तीन गोष्टी एकत्र पाहा. तेवढ्याने काम भागतं.

याच हिशेबाचा फुकटात मिळणारा फायदा: तुमच्याकडची केबल तीन मीटरची असेल तर २.३ हेन्रीच्या पिकअपचा उंचवटा ५,२०० च्या वर जातो आणि आवाज टोचायला लागतो. मग पिकअपला दोष न देता सहा मीटरची केबल लावून बघा, तो ४,००० वर येईल.

चुंबक कोणतं? खणखणाट आणि तारेचा पहिला ठोका स्पष्ट हवा असेल तर अल्निको ५. अल्निको २ आणि ३ यांची ओढ कमी, आवाज गोलसर. डिस्टॉर्शन न वापरता क्लीन किंवा आवाज जेमतेम फाटायला लागलेल्या अँपवर वाजवत असाल तर मी डोळे झाकून अल्निको ५ सुचवेन.

नावं सांगायची तर सेमूर डंकनचा एसएसएल-१ हा या कामासाठी सरळ, भरवशाचा पिकअप आहे: अल्निको ५, साधारण साडेसहा किलो-ओम, खाली-वर पोल. एसएसएल-२ जवळजवळ तोच, फक्त पोल एका पातळीत. फेंडरचा प्युअर व्हिंटेज '५९ किंवा '६५ चा संच काळाशी जास्त प्रामाणिक आहे. फेंडरच्याच फॅट फिफ्टीज संचाला खालचा आवाज थोडा भरदार. त्यांचे टेक्सस स्पेशल उत्तम आहेत, पण ते जास्त वेढ्यांचे. तुमचा प्रश्न ज्या टोनचा आहे तो त्यांतून येणार नाही. बजेट खूपच कमी असेल तर अल्निको ५ कांड्यांचा साधा चिनी संचही सिरॅमिकपेक्षा कितीतरी पुढे असतो, फक्त तळाचा फोटो आणि ओमचा आकडा तपासून घ्या.

एसएसएल-१ की २, हा प्रश्न किरकोळ नाही. जुने पोल खाली-वर ठेवले गेले तेव्हा तिसरी तार गुंडाळलेली (वरून बारीक वायरचे वेढे असलेली) असे. आज आपण साधी तिसरी तार लावतो. उंच पोलमुळे ती सगळ्यांच्या डोक्यावर बसते आणि दुसरी मागे पडते. तुमच्या फ्रेटबोर्डची गोलाई साडेनऊ किंवा बारा इंच असेल तर सपाट पोल घ्या. आणि उंच वाटला म्हणून पोल अंगठ्याने आत ढकलू नका. वायर थेट त्या कांडीवर गुंडाळलेली असते, तिची जाडी ०.०६ मिलिमीटर. कांडी सरकली की आतला वेढा तुटतो आणि पिकअप मेला.

मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा मागा. जुन्या गिटारांत तसा नसे हे खरं, पण स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर गुणगुण जाते आणि आवाजात कान ओळखेल असा फरक नसतो. इथे मी जुनेपणाचा हट्ट धरणार नाही.

खरेदीआधी एक माप घ्या. पिकअपवर पहिल्या तारेच्या मध्यापासून सहाव्या तारेच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. जुन्या मापाचे पिकअप ५२ मिलिमीटरचे असतात, आशियाई गिटारांत ५० किंवा ४८ सुद्धा आढळतात. एखाद-दोन मिलिमीटरने आवाजाचं बिघडत नाही, पण जुनं प्लास्टिक कव्हर नव्या पोलवर बसत नाही. नवीन कव्हर सोबतच मागवा. स्क्रूही सोबत आलेलेच वापरा. अमेरिकन पिकअपचे आटे इंची असतात, गिटारमधले जुने स्क्रू मिलिमीटरचे निघाले तर घुसवताना आटे मारले जातात.

पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे भाग) २५० किलो-ओमचे आहेत ना, हे मल्टीमीटरवर बघा. नवा संच आणून कर्कशपणा तसाच राहिला तर बऱ्याचदा कारण ५०० चा पॉट असतो. छापलेल्या आकड्यात २० टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे २०० ते ३०० मधला कुठलाही निघू शकतो. पिकअप चमकदार वाटत असेल तर २२० वाला व्हॉल्यूमला लावा. टोनच्या कपॅसिटरवर मात्र पैसे घालू नका. जुन्या स्ट्रॅटमध्ये ०.१ मायक्रोफॅराडचा असे, आज ०.०२२ किंवा ०.०४७ चा असतो. टोनचा नॉब पूर्ण उघडा असताना त्याचा आवाजाशी जवळजवळ संबंधच नसतो. ब्रिज पिकअपला जुन्या वायरिंगमध्ये टोन नसतो. स्विचवर एक जंपर टाकून दुसरा टोन त्याला जोडा, कर्कशपणाची निम्मी तक्रार तिथेच मिटते.

बसवताना: तारा सैल करा, पिकगार्डचे स्क्रू काढा, आणि काहीही सोडवण्याआधी वायरिंगचे दोन-तीन फोटो काढा. पॉटच्या पाठीवर ग्राउंड जोडायला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न अपुरं पडतं. टोक बराच वेळ टेकवून ठेवावं लागतं, पॉट आतून भाजतो आणि सोल्डर तरीही कोरडंच बसतं. ४० ते ६० वॅटचं रुंद टोक, पाठ पॉलिश पेपरने घासलेली, आणि तीन-चार सेकंदांत काम. पिकअपच्या तळाच्या छिद्रांना मात्र गरम टोक लावू नका, कॉइलची केसासारखी टोकं तिथेच जोडलेली असतात. वायर तोकडी पडली तर पुढे जोड द्या.

वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र करत असाल तर आधी फेज (सगळ्यांचे सिग्नल एकाच दिशेचे आहेत का ते) तपासा. मल्टीमीटर २० किलो-ओमवर ठेवा, पोलवर स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि झटकन उचला. आकडा क्षणभर वर किंवा खाली उडी मारतो. नेक आणि ब्रिज एकाच दिशेला हवेत. उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा मधलाही त्याच दिशेला, कारण दोन उलट मिळून सुलट होतात. एखादा विरुद्ध गेला तर दोन पिकअप मिळून नाकात बोलल्यासारखा पोकळ आवाज येतो. त्याच्या दोन वायर अदलाबदल करा, झालं. टेलिकास्टरच्या धातूच्या कव्हरवाल्या पिकअपला मात्र आधी कव्हरचं ग्राउंड वेगळं करावं लागतं.

तारांना हात लावल्यावर खरखर थांबत असेल तर वायरिंग ठीक आहे. वाढत असेल तर जॅकवर हॉट आणि ग्राउंड उलटे लागलेत. तारेला हात लावून झिणझिण्या येत असतील तर वाजवणं तिथेच थांबवा, अँपचा प्लग काढा आणि सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या; पिकअपचा त्यात काही दोष नाही.

मुंबई, कोकण, गोवा अशा खाऱ्या हवेत राहत असाल तर आणखी एक. अल्निकोत लोखंड असतं, पोल गंजतात आणि गंज आत उतरून कॉइल तोडतो. वाजवून झाल्यावर पोल कोरड्या फडक्याने पुसा, घाम तसाच ठेवू नका.

शेवटी उंची. तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून पोलच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा: सहाव्या तारेखाली २.४ मिलिमीटर, पहिलीखाली २. इथून सुरू करा. अल्निको ५ च्या कांड्या तारेला ओढतात. नेक पिकअप फार वर असेल तर सहाव्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या पुढे स्वर थरथरतो, ट्यूनर स्थिर होत नाही, आणि माणूस उगाच ब्रिजवर इंटोनेशन (तारेची लांबी जुळवून सूर अचूक करणं) लावत बसतो. तसं झालं तर सहाव्या तारेकडची बाजू एकेक फेरा खाली घ्या, ३ मिलिमीटरपर्यंत गेली तरी चालेल. थरथर गेली की आधी नेक आणि मधला समतोल करा, ब्रिज सगळ्यात शेवटी.