नागपुरात नव्याने येणाऱ्या कुटुंबाने सुरक्षित आणि परवडणारी वस्ती कशी निवडावी?

तुम्ही लिहिले आहे की विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात नोकरी मिळाल्यामुळे पत्नी आणि चार वर्षांच्या मुलीसह तुम्हाला लातूरहून नागपूरला यायचे आहे, घरभाड्यासाठी बारा हजारांपर्यंत तरतूद आहे, आणि एका ओळखीच्या गृहस्थांनी तुम्हाला ‘कुठेही राहा, पण उत्तर नागपुरात राहू नका, तिकडे सुरक्षित नाही’ असे सांगितले आहे. हे खरे आहे का, असा तुमचा प्रश्न आहे. मी उत्तर नागपुरात, नारी रोडच्या बाजूला, सप्टेंबर २०२३ च्या अखेरीपासून सासूबाई आणि मुलीसह राहते आहे. हेच वाक्य मलाही ऐकवण्यात आले होते आणि मी ते पाच वर्षे मानले होते, म्हणून हे उत्तर लिहिते आहे.

२०१८ साली यवतमाळहून माझी नागपूरला बदली झाली. यजमानांची नोकरी यवतमाळलाच असल्यामुळे ते शनिवार-रविवार येणार आणि एरवी घरात आम्ही तिघीच राहणार, हे ठरलेलेच होते. नव्या कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ताई उत्तर नागपुरातल्या इंदोऱ्याच्या. त्यांच्या भावाच्या घराचा वरचा मजला तेव्हा रिकामा होता, भाडे आठ हजार सांगितले होते, आणि मी एका संध्याकाळी तो पाहूनही आले होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळवायला मोकळी गच्ची, खाली त्यांच्या वहिनी दिवसभर घरी. मला घर आवडले होते.

माझे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले बंधू, पंचवीस वर्षांपासून नागपूरकर आहेत आणि घराच्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्याकडे शेवटचा मानला जातो. त्यांनी पत्ता ऐकला आणि एवढेच म्हणाले, “तिकडे आपले लोक राहत नाहीत. सोबत मुलगी आहे, आई आहेत, सेफ्टी पाहावी लागते.” आठवडाभरात त्यांनीच पश्चिम नागपुरातल्या अंबाझरी लेआउटमधला एक तळमजला ठरवला. भाडे चौदा हजार, म्हणजे माझ्या हिशेबापेक्षा बरेच जास्त, पण शहरातल्या सर्वांत चांगल्या भागात राहायला मिळते आहे, असे सगळ्यांनी सांगितले. ताईंना मी ‘मुलीची शाळा लांब पडते’ असे कारण दिले. ते खोटे होते, आणि त्यांना ते कळले असावे. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

पाच वर्षे त्या घरात काही वाईट झाले नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. रस्ते रुंद, झाडे भरपूर, तलाव फिरायला जवळ. मात्र आजूबाजूच्या बंगल्यांची फाटके दिवसभर बंद असत, समोरच्या घरात कोण राहते हे मला दोन वर्षांनी कळले, आणि संध्याकाळी सात नंतर मुलगी शिकवणीहून परतताना गल्लीच्या टोकापासून आमच्या दारापर्यंत तिला एकही माणूस भेटत नसे. यालाच शांत वस्ती म्हणतात, असे मी स्वतःला सांगत असे.

२२ सप्टेंबर २०२३ ला आमच्याकडे महालक्ष्म्यांचे पूजन होते. यजमान आले होते, पुरणाचा आणि सोळा भाज्यांचा स्वयंपाक झाला, पंगती उठायला उशीर झाला आणि आम्ही दमून झोपलो. मध्यरात्रीनंतर विजांचा जो कडकडाट सुरू झाला, तसा मी आयुष्यात ऐकलेला नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने दोन्ही काठ सोडले. आमच्या घरात पाणी आधी न्हाणीघराच्या मोरीतून वर आले आणि पाठोपाठ दारातून. सासूबाई तेव्हा शहात्तर वर्षांच्या होत्या. आम्ही दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून वरच्या मजल्यावर नेले, तेवढ्या वेळात खाली पाणी गुडघ्यांच्या वर गेले होते. मुलीने अंधारात हाताने चाचपडत महालक्ष्म्यांचे मुखवटे काढून आणले आणि उजाडेपर्यंत ते मांडीवर घेऊन बसली. सकाळी वरून पाहिले तेव्हा आमचा फ्रिज आडवा होऊन तरंगत होता आणि रस्त्यावरच्या मोटारी एकमेकींवर चढल्या होत्या. डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सीताबर्डीचे मोर भवन बसस्थानक, सगळीकडे हीच स्थिती होती. बचावासाठी लष्कर बोलवावे लागले आणि त्या पुरात शहरातली माणसेही दगावली. तलावाचे धरण १८७० सालचे आहे आणि सांडव्यासमोरच्या बांधकामावरून पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिकाही झाली. पण आम्ही घर घेताना तलाव किती जवळ आहे हे केवळ फिरायला जाण्याच्या दृष्टीने पाहिले होते, आणि नदी घराच्या किती खाली आहे हा प्रश्न भासऱ्यांसह कोणीही विचारला नव्हता.

त्या दिवशी दुपारी आमच्याकडे पहिली बाहेरची व्यक्ती पोहोचली ती माझ्या कार्यालयातल्या ताई. स्कूटी शंकरनगर चौकात ठेवून त्या चिखलातून चालत आल्या होत्या. पिशवीत सासूबाईंसाठी कोरडे लुगडे होते आणि डब्यात खिचडी. त्यांच्या भावाच्या घराचा वरचा मजला त्या महिन्यात योगायोगाने पुन्हा रिकामा होता. चार दिवसांनी उरलेसुरले सामान एका लहान टेम्पोत भरून आम्ही नारी रोडला आलो. आधीच्या घरमालकांनी अनामत रकमेतून रंगकामाचे पैसे कापून घेतले, ज्या भिंती पुराने खराब केल्या होत्या त्यांच्या रंगकामाचे. तो वाद मी सोडून दिला.

भासऱ्यांशी असलेला वाद मात्र मी सोडलेला नाही. पश्चिमेकडेच दुसरे घर पाहू, असा त्यांचा आग्रह होता, आणि मी नको म्हटल्यावर ते म्हणाले, “पूर एक दिवस येतो, वस्ती रोजची असते.” तेव्हा मला उत्तर सुचले नाही. वस्ती रोजची असते हे मला मान्यच आहे, म्हणून इथले रोजचे काय ते सांगते.

मुलगी आता महाविद्यालयात आहे. शिकवणी संपवून ती रात्री साडेनऊला इंदोरा चौकाच्या मेट्रो स्थानकावर उतरते आणि घरी येईपर्यंत वाटेत औषधांचे दुकान, किराणा, पोळ्या विकणाऱ्या मावशी आणि जेवणानंतर दारात खुर्च्या टाकून बसलेली निदान पाच-सहा कुटुंबे असतात. ती दहा मिनिटे उशिरा आली तर मला तिच्याआधी खालच्या वहिनींकडून कळते. मागच्या उन्हाळ्यात सासूबाईंना चक्कर आली तेव्हा मी कार्यालयात होते. गल्लीतल्या दोन मुलांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले आणि मी पोहोचेपर्यंत सलाईन सुरू झाली होती. १३ एप्रिलच्या रात्री बाबासाहेबांच्या जयंतीसाठी मध्यरात्री संविधान चौकात जायला इथल्या बाया कडेवर मुले घेऊन निघतात आणि दीड-दोनला चालत परत येतात. इतक्या रात्री इतक्या निर्धास्तपणे रस्त्यावर चालणाऱ्या बायका मी अंबाझरीच्या बाजूला पाच वर्षांत पाहिल्या नाहीत.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी स्पष्ट देते. नागपुरात ‘ती वस्ती सुरक्षित नाही’ हे वाक्य पुष्कळदा जातीचे नाव न घेता जात सांगण्यासाठी वापरले जाते. भासऱ्यांच्या ‘आपले लोक’ या शब्दांचा दुसरा अर्थ नव्हता आणि मी तो समजूनही गप्प बसले होते. तुम्ही घरासाठी फोन करू लागलात की याचा अनुभव तुम्हालाही येईल. भाडे सांगण्याआधी आडनाव विचारतील, आणि आडनावावरून उलगडा झाला नाही तर ‘शाकाहारीच ना?’ असे विचारतील. तुम्हाला सल्ला देणाऱ्या गृहस्थांना एकच विचारा, की उत्तर नागपुरातल्या कोणत्या गल्लीत, कधी, काय झाले. त्यांना गल्लीचे नाव सांगता आले तर त्यांचे ऐका. नाही आले तर ऐकू नका.

आता तुमच्या सोयीचे. ११ डिसेंबर २०२२ पासून मेट्रो ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत धावते, म्हणजे नारी रोड, इंदोरा चौक किंवा कडबी चौक या स्थानकांवर बसून गाडी न बदलता थेट खापरीपर्यंत जाता येते. खापरीहून मिहानमधल्या तुमच्या कार्यालयापर्यंत कंपनीची बस आहे का, हे आधी विचारून घ्या, कारण ती नसेल तर तेवढ्या टप्प्यासाठी रोज रिक्षा परवडणार नाही. रोजचा प्रवास कमी हवा असेल तर जयताळा, सोमलवाडा, मनीषनगर, बेसा हे भाग मिहानला जवळ आहेत. बेसा-बेलतरोडीकडे नवे फ्लॅट तुमच्या तरतुदीत मिळू शकतील, पण तो भाग महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे नळाचे पाणी आहे की बोअर आणि टँकरवर भागवावे लागते, हे मालकाला न विचारता त्याच इमारतीतल्या एखाद्या गृहिणीला विचारा, आणि विचारताना मे महिन्याचे विचारा. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, घराघरांत कूलर चालतो आणि कूलरला दिवसरात्र पाणी लागते. लातूरने पाण्याची टंचाई पाहिलेली आहे, तुम्हाला हे अधिक समजावण्याची गरज नाही.

नव्या लेआउटमध्ये दोन घरांच्या मध्ये तीन-तीन प्लॉट मोकळे असतात, तिथे दिव्याचे खांब असले तरी मी मुलीला घेऊन राहणार नाही. उन्हाळ्यात सगळीकडे कूलरचा आवाज असतो, आत झोपलेल्या माणसाला दारावरची खुडबुड ऐकू येत नाही, आणि हाकेच्या अंतरावर शेजारी नसेल तर उपयोग काय? गल्ली पाहायला रात्री नऊला जा आणि पत्नीला सोबत न्या. कोपऱ्यावर पानठेला असेल तर तिथे थांबणारी माणसे गल्लीतली आहेत की बाहेरची, हे तिला पाच मिनिटांत कळेल, तुम्हाला कदाचित कळणार नाही. भाडेकराराची नोंदणी करून घ्या, महाराष्ट्रात ती कायद्याने बंधनकारक आहे आणि तिची जबाबदारी घरमालकावर आहे. अनामत रकमेतून कशाचे पैसे कापता येतील आणि कशाचे नाही, हे त्यातच लिहून घ्या. आमच्या पहिल्या करारात ते नव्हते.

माझ्या गल्लीतून गेल्या वर्षी एक मोटारसायकल चोरीला गेली, हेही सांगायला हवे. सणावारी ध्वनिक्षेपक उशिरापर्यंत चालतात, परीक्षेच्या काळात मुलीला त्याचा त्रास होतो, आणि गाडी लावायला जागा शोधावी लागते. जरीपटका, इंदोरा, नारी रोड, मानकापूर हे सगळे एकसारखे नाहीत, काही गल्ल्या मी स्वतःही टाळते, पण त्या गल्ल्या म्हणून टाळते, अख्खी वस्ती म्हणून नाही. भासरे अजून या घरी आलेले नाहीत. गेल्या वर्षी महालक्ष्म्यांना सासूबाईंनी स्वतः फोन करून त्यांना जेवायला बोलावले होते, तेव्हा त्यांनी गुडघेदुखीचे कारण सांगितले. मीही एकदा ताईंना असेच कारण सांगितले होते, म्हणून मी त्यांना उलट काही बोलले नाही. यंदा पुन्हा बोलावणार आहे.

एक गोष्ट राहिली. उत्तर नागपुरातून पिवळी नदी वाहते आणि तिच्या काठचे सखल भागही जोराच्या पावसात पाण्याखाली जातात. इथे घर पाहिलेत तर नदी किती दूर आहे आणि रस्ता तिकडे उतरतो की चढतो हे पायी चालून पाहा, शेजारच्या भिंतींवर ओलाव्याची रेघ कुठवर आहे ते पाहा, आणि तळमजला स्वस्त मिळत असला तरी घेऊ नका. सगळ्यात वरचा मजलाही नको, मे महिन्यात स्लॅब रात्री दोनपर्यंत तापलेला असतो आणि चार वर्षांच्या मुलीला झोप लागणार नाही. आम्ही वरच्याच मजल्यावर आहोत, गच्चीला पांढरा चुना लावतो आणि संध्याकाळी पाणी मारतो, तेव्हा कुठे निभते. तीन मजली इमारतीतला मधला मजला मिळाला तर हजार-पाचशे जास्त द्यावे लागले तरी तो घ्या.