दवादारूतली दारू

प्रश्न : आमच्या आजेसासूबाई कुणाचीही तब्येत विचारताना हमखास 'दवादारू चालू आहे ना?' म्हणतात आणि माझा आठवीतला मुलगा तोंडावर हात धरून हसतो. औषधात ही दारू शिरली कशी? आणि जाता जाता मेडिसिन शब्दाचंही सांगा. – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, मुलाला सांगा की बरोबर पणजीच आहे. फारसीत दारू म्हणजे औषधच! आजही इराणमध्ये केमिस्टच्या दुकानाला दारूखाना म्हणतात, तिथे आत गेलात तर तापाची गोळी मिळेल, क्वार्टर नाही. आणि आपल्या मुंबईत रे रोडजवळ दारूखाना आहे तिथे यातलं काहीच नाही, तिथे जुनी जहाजं तोडतात, कारण ती दारू तिसरीच, बंदुकीची. दारूगोळा, शोभेची दारू म्हणतो ना आपण, तीच. (बंदुकीच्या दारूला चिनी भाषेतही 'आगीचं औषध' अशाच अर्थाचा शब्द आहे, गंमत बघा.) आता औषधाची दारू पिण्याची कधी झाली ते सोडा, पण 'औषध म्हणून घेतो हो थोडी' म्हणणारे काका प्रत्येक खानदानात असतात, त्यांचाच हात असणार असा माझा आपला अंदाज.

दवा हा अरबी शब्द, दारू फारसी, दोन्हींचा अर्थ एकच. अशी जोडी लावायची सवय मराठीला जुनीच आहे, कागदपत्र बघा, कागद बाहेरून आलेला आणि पत्र संस्कृत. मजा म्हणजे आपण जातो दवाखान्यात पण आणतो औषध, 'डॉक्टरांनी दवा दिली' असं मराठीत सहसा कुणी म्हणत नाही.

औषध आलं ओषधीवरून, आणि ओषधी म्हणजे मुळात बाटली नाही की गोळी नाही, झाड. अमरकोशातली व्याख्या तर अशी की फळ पिकलं की जिचा शेवट होतो ती ओषधी, म्हणजे त्या हिशोबाने तुमच्या शेतातला गहूसुद्धा ओषधीच. ऋग्वेदात दहाव्या मंडलात 97वं सूक्त अख्खं ओषधींना उद्देशून आहे आणि त्यात त्यांना चक्क आई म्हणून हाक मारलीय.

मेडिसिन लॅटिनमधून आलं, तिथे मेडिकुस म्हणजे वैद्य आणि मेडिसिना म्हणजे त्याची विद्या, म्हणून एमबीबीएसवाले 'मेडिसिनला आहे' म्हणतात ते काही चूक नाही, गोळ्या-बाटल्या हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ. त्याच्याही मागे जे जुनं मूळ सांगतात त्याचा अर्थ मोजणं, माप घेणं असा आहे. शब्द वेगळा, पण आपल्याकडे मात्रा म्हणजे मापही आणि औषधही, 'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही' म्हणतो ती तीच. माझी आजी बाळगुटी उगाळायची ना, तेव्हा सहाणेवर हळकुंडाचे दोन वेढे, वेखंडाचा एकच, आणि मध्ये कुणी बोललं तर मोजणी चुकली म्हणून सगळं धुऊन पुन्हा पहिल्यापासून.