वाचकांचे प्रश्न : छत्तीस तासांची घाई कशासाठी?

प्रश्न : इंग्लंडमध्ये जन्मनोंदणी आधीपासूनच होती. मग १९०७ साली जन्म कळवण्याचा आणखी एक कायदा कशाला?

उत्तर : नोंदणीला ४२ दिवसांची मुदत होती. दगावणाऱ्या बाळांपैकी कितीतरी पहिल्या महिन्यातच जात, त्यामुळे निबंधकाच्या वहीत नाव चढायच्या आत सगळं संपलेलं असे. नव्या कायद्याने ३६ तासांत आरोग्य अधिकाऱ्याला लेखी कळवणं आलं. हे काम घरात राहणाऱ्या बापाचं, तसंच बाळंतपणाला किंवा त्यानंतरच्या सहा तासांत हजर असलेल्या डॉक्टरचं वा सुइणीचं. त्यासाठी पत्ता घातलेली, तिकीट लावलेली कार्डं नगरपालिकाच पुरवी. टाळलं तर २० शिलिंगांपर्यंत दंड. अठ्ठावीस आठवड्यांनंतर बाळ मृत जन्मलं, तरी कळवावं लागे.

हडर्सफील्डने हे आधीच करून पाहिलं होतं. तिथले महापौर बेंजामिन ब्रॉडबेंट यांनी लाँगवूड भागात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला पहिल्या वाढदिवशी एक पौंड देऊ केला, आणि १९०६ मध्ये शहराने स्वतःपुरती सक्तीही आणली. १९०७ चा कायदा मात्र ज्या नगरपालिकेला हवा तिनेच घ्यायचा होता. देशभर सक्ती झाली ती १९१५ साली. खरी मेख कार्डानंतर होती. कार्ड आलं आणि घरी जायला आरोग्यसेविकाच नसली, तर ते फायलीत पडून राही. डॉक्टरांचीही कुरकुर होती, कारण या कामाचा मोबदला नव्हता.

प्रश्न : घरी आलेली आरोग्यसेविका नेमकं काय बघे?

उत्तर : आधी दुधाची बाटली. काचेच्या बाटलीतून लांब रबरी नळी निघे आणि तिच्या टोकाला बोंडी. पाळण्यात बाळाशेजारी बाटली ठेवली की आईचे हात मोकळे, म्हणून ती घरोघरी होती. पण नळीत ब्रश जात नसे. आतल्या बाजूला दुधाची साय धरे, ती आंबे, आणि पुढचं ताजं दूध त्यातूनच बाळाच्या पोटात जाई. उन्हाळी हगवणीचं हे एक मोठं कारण. सेविका सांगे, जमेल तोवर अंगावरच पाजा. नाहीच जमलं, तर दोन्ही टोकांना उघडी, होडीच्या आकाराची बाटली घ्या. ती आरपार घासता येई, उकळताही येई. उष्म्याने काय होतं ते आकड्यांत दिसतं. इंग्लंड-वेल्समध्ये हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळं १९११ च्या कडक उन्हाळ्यात १३० होती, पुढच्या थंड वर्षी ९५.

प्रश्न : बाळंतपण अडलं तर सुईण काय करी?

उत्तर : १९०२ च्या कायद्याने सुइणींची नोंदवही आणि नियम आले. धुता येतील असे कपडे, पिशवीत जंतुनाशक, नखांचा ब्रश आणि थर्मामीटर. काही बिघडलं तर डॉक्टरला बोलावणं तिला बंधनकारक होतं. पण त्याची फी कोणी द्यायची, हे कायद्यात कुठेच नव्हतं! हा दोष मला सगळ्यांत गंभीर वाटतो. गरीब घर निरोप धाडायला कचरे, डॉक्टर यायला कचरे, आणि रक्तस्राव सुरू असलेल्या बाईला तेवढा वेळ नसे. हे १९१८ मध्ये सुधारलं : फी स्थानिक प्रशासनाने आधी द्यायची, आणि ऐपत असेल त्या घराकडून मागाहून वसूल करायची.