पिळलेल्या पाकळ्यांचं रोप ठेवावं की काढावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोल, झालरीच्या काठाच्या डेलिलीवर (लिलीसारख्या फुलांचं बागेतलं रोप) तुम्ही एका स्पायडर वाणाचा, म्हणजे फार लांब, अरुंद पाकळ्यांच्या वाणाचा, पराग लावलात. अकरा रोपं फुलली. त्यातल्या एकाच्या पाकळ्या पीळ घेत मागे वळतात आणि बाह्यदलं, म्हणजे फुलाची बाहेरची तीन दलं, टोकाशी नळीसारखी मिटतात. तुमचा जीव त्या फुलावर जडला, पण ज्यांना दाखवलंत त्यांतल्या दोघांनी ‘हे बिघडलेलं फूल आहे, काढून टाका’ असं सांगितलं. आता ते ठेवायचं का, आणि ठेवलं तर पुढचा संकर कशाशी करायचा?

काढू नका. निदान आणखी दोन हंगाम तरी नाहीच. पहिल्या वर्षी रोपाला एखाददुसराच फुटवा असतो, मुळं नीट बसलेली नसतात. फुलाचा आकार, कळ्यांची संख्या, दांड्याची उंची, सगळंच पुढे बदलतं. पहिल्या फुलावर भुलून ठेवलेली कितीतरी रोपं मी तिसऱ्या वर्षी काढली आहेत. उलट एक रोप मी नापसंत केलं होतं, ते केवळ वाफ्यात जागा होती म्हणून राहिलं, आणि आज माझ्या बहुतेक चांगल्या संकरांत त्याचं रक्त आहे.

‘बिघडलेलं’ हा शब्द मात्र मला लागला, म्हणून त्यावर आधी लिहितो. डेलिलीचं फूल बिघडतं हे खरं आहे. फुलकिड्यांनी कळी आत असतानाच खरवडली की पाकळीवर फिकट चट्टे येतात, कडा वेड्यावाकड्या होतात. थंड रात्रीनंतर जाड झालरीचे काठ एकमेकांत अडकतात आणि फूल अर्धवट उघडून तसंच राहतं. एखाद्या दिवशी एखादी पाकळी दुमडून फाटते. या सगळ्याची खूण एकच: रोज काहीतरी वेगळंच दिसतं. तुमच्या रोपाचं तसं आहे का, हे तुम्हालाच बघावं लागेल. पहाटे उठून एकदा कळी उघडताना पाहा. आधी बाह्यदलांची टोकं सुटतात, मग आतल्या तीन पाकळ्या एकमेकींवरून सरकत बाहेर येतात. खऱ्या पिळाच्या फुलात पाकळीची मधली शीर सरळ वर येते, मग अर्ध्यावर कलते आणि तास-दीड तासात टोक पूर्ण फिरून पाकळीची पाठ तुमच्याकडे करतं. तिन्ही पाकळ्या हे करतात, थोड्या मागेपुढे. हे तुम्ही आठ-दहा दिवस, ढगाळ सकाळी आणि कडक उन्हातही, सारखंच पाहिलंत तर तो बिघाड नाही. तो त्या रोपाचा स्वभाव आहे.

अमेरिकन डेलिली सोसायटीच्या नोंदणीत अशा फुलांसाठी ‘अनयूज्वल फॉर्म’ असा स्वतंत्र वर्ग आहे, आणि तो फक्त आकारावरून ठरतो, रंग किंवा नक्षी तिथे मोजत नाहीत. अट अशी की किमान तीन पाकळ्या किंवा तीन बाह्यदलं तो विशेष आकार दाखवत असली पाहिजेत. त्यात तीन प्रकार आहेत. क्रिस्पेट म्हणजे चिमटलेली, पिळलेली किंवा नळीसारखी मिटलेली दलं. कॅस्केड म्हणजे रंध्याखालून लाकडाच्या वळणदार छिलक्या निघतात तशी खाली गुंडाळत जाणारी अरुंद दलं. स्पॅच्युलेट म्हणजे टोकाकडे पळीसारखी रुंद होणारी. तुमचं वर्णन सरळ क्रिस्पेटमध्ये बसतं, पीळही आहे आणि नळीही.

ते स्पायडर मात्र नाही. पाकळी १२ सेंटीमीटर लांब आणि ४ सेंटीमीटर रुंद असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे लांबी रुंदीच्या तिप्पट झाली. स्पायडर म्हणवून घ्यायला ती किमान चौपट लागते. वळलेली पाकळी तशीच मोजली तर आकडा फसवतो, म्हणून ती हलक्या हाताने सरळ करून परत मोजा. तरीही साडेतीनच्या पुढे जाईल असं वाटत नाही.

आता आवडीनिवडीचं. त्या दोघांनी मुद्दाम तुमचं मन मोडलं असं मला वाटत नाही. त्यांचा डोळा वेगळ्या फुलावर तयार झालाय, एवढंच. डेलिलीत ही ओढाताण फार जुनी आहे. ‘काइंडली लाइट’ हे लांब, पिवळ्या, पिळाच्या पाकळ्यांचं स्पायडर १९४९ साली नोंदलं गेलं. मधली कित्येक वर्षं संकर करणाऱ्यांचा सगळा ओढा गोल, भरगच्च, झालरीच्या फुलांकडे होता. पाकळी जितकी रुंद तितकी प्रगती, असं धरून चालत. मग १९८९ मध्ये स्पायडरसाठी हॅरिस ऑल्सन पुरस्कार सुरू झाला आणि पहिला मान मिळाला तो याच ‘काइंडली लाइट’ला. चाळीस वर्षं ते फूल तसंच उमलत होतं, बदलली ती बघणाऱ्यांची नजर. आणखी एक जोडी पाहा. डेलिलीचा सर्वोच्च मान, म्हणजे स्टाउट रौप्यपदक, १९९० मध्ये ‘फेअरी टेल पिंक’ला मिळालं, मऊ गुलाबी, गोलसर, झालरीचं फूल. २००३ मध्ये तेच पदक ‘प्रायमल स्क्रीम’ला मिळालं, तळहाताहून मोठं, भडक नारिंगी, पाकळ्या वळवळत पसरलेलं. एकाच पदकाच्या यादीत ही दोन फुलं आहेत, आणि मला दोन्ही निवडी योग्य वाटतात.

माझं निरीक्षण असं की या मतभेदात बरंचसं अंतराचं आहे. गोल झालरीचं फूल जवळून बघायचं फूल आहे. हातात धरावं, काठावरची सोनेरी किनार बघावी, घशातला हिरवा रंग बघावा. फोटोतही ते फार छान येतं. पण जुन्या, भरलेल्या गड्ड्यावर एका दिवशी पंधरा फुलं उघडली की ती एकमेकांना चिकटतात आणि लांबून नुसता रंगाचा गोळा दिसतो. अरुंद, पिळाच्या पाकळ्यांच्या फुलांत मधून हवा खेळते, प्रत्येक फूल सुटं दिसतं, वाऱ्यावर अख्खा गड्डा हलतो. तेच फूल एकटं तोडून टेबलावर ठेवलं तर पाहणाऱ्याला ते गबाळं वाटू शकतं. तुम्ही त्या दोघांना फोटो दाखवलात की रोप? फोटो दाखवला असेल तर पुढच्या वर्षी त्यांना दहा पावलांवरून गड्डा दाखवा. मत बदलेलच असं नाही, आणि नाही बदललं तरी हरकत नाही. पण मत योग्य गोष्टीवर झालेलं असेल.

रंगाचंही इथे भान ठेवा. पाकळी अरुंद झाली की रंगाचं क्षेत्र घटतं. काळपट लाल किंवा गडद जांभळं स्पायडर जवळून देखणं दिसतं, पण लांबून पानांत हरवून जातं. पिवळा, फिकट पीच, स्वच्छ नारिंगी, किंवा गडद रंग असेल तर त्यावर मोठा उजळ घसा, असं काही असेल तरच तो आकार दुरून वाचता येतो. तुमचं रोप फिकट केशरी आहे म्हणता, हे फार चांगलं झालं.

एवढं सगळं फुलाच्या बाजूने बोललो, आता झाडाचं बोलतो, कारण आवडीच्या नावाखाली आपण झाडाला सूट देतो. मी ती दिली होती. एक चिमटलेल्या पाकळ्यांचं जांभळं रोप होतं, फूल इतकं सुंदर की दांड्याला फांद्या नाहीत आणि कळ्या जेमतेम नऊ, याकडे मी काणाडोळा केला. चार वर्षं तेच जनक म्हणून वापरलं. त्याच्या मुलांत आकार उतरला आणि बिनफांदीचा, टोकाशी कळ्यांचा झुबका असलेला दांडाही उतरला. टोकाशी गर्दी झाली की उघडायला जागा मिळत नाही, आणि लांब पाकळ्यांना तर दुप्पट जागा लागते. त्या सगळ्या पिढीतून आज माझ्याकडे फक्त दोन रोपं उरली आहेत. डेलिलीचं प्रत्येक फूल एकच दिवस टिकतं. नऊ कळ्या म्हणजे एका दांड्याचे फार तर नऊ दिवस, आणि दोन फुलं एकदम उघडली तर तेवढेही नाहीत. म्हणून वहीत कळ्या मोजून लिहा, फांद्या लिहा, दांडा पानांच्या किती वर येतो ते लिहा. तांबेऱ्याची लागण किती होते तेही लिहा. काही रोपांची पानं तांबेऱ्याने पार केशरी होतात आणि शेजारच्या रोपावर चार ठिपकेही नसतात. हा फरक पुढच्या पिढीत जातो.

पुढचा संकर. स्पायडर आणि गोल यांच्या पहिल्या पिढीत बहुतेक रोपं अधलीमधली निघतात, कारण पाकळीची रुंदी एका जनुकावर ठरत नाही, अनेकांची बेरीज असते. तुमच्या अकरांपैकी दहा रोपं ‘ना धड गोल, ना धड अरुंद’ निघाली यात तुमची काही चूक नाही, असंच होतं. पुष्कळजण इथेच कंटाळून सगळं उपटतात, आणि मला याचंच सर्वांत वाईट वाटतं. जे हवंय ते पुढच्या पिढीत सुटं होऊन बाहेर येतं. न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात ए. बी. स्टाउट यांनी लाल डेलिलीसाठी रानटी जातींवर वर्षानुवर्षं काम केलं, पिढ्यांमागून पिढ्या निवडल्या, तेव्हा कुठे १९३४ मध्ये ‘थेरॉन’ हे पहिलं लाल वाण म्हणून ओळखलं जाणारं रोप पुढे आलं.

तेव्हा दोन संकर करा. पहिला, तुमचं पिळाचं रोप आणि त्याच्या दहा भावंडांपैकी ज्याचा दांडा सर्वांत चांगला ते. ते दिसायला साधं असेल, फांद्या आणि कळ्या बघून निवडा. त्याच्यातही स्पायडरची निम्मी देणगी आहे, फक्त ती दिसत नाही. दुसरा, पिळाचं रोप परत स्पायडर जनकाशी. इथे पाकळी नक्की अरुंद होईल, पिळाचं काय होतं ते बघायचं. स्वतःच्याच परागाने बी धरायचा मोह होईल, पण त्यातली रोपं बरेचदा अशक्त निघतात, म्हणून मी ते टाळतो. आणि बी भरपूर धरा. दुसऱ्या पिढीत दहा-पंधरा रोपांत हवा तो मेळ मिळणं निव्वळ नशीब. साठ-सत्तर रोपं झाली तर निवडायला काहीतरी राहतं.

बाहेरचं नवं वाण आणायचं म्हणालात, तर आधी ते डिप्लॉइड आहे की टेट्राप्लॉइड ते विचारा. २२ गुणसूत्रांचं डिप्लॉइड आणि ४४ गुणसूत्रांचं टेट्राप्लॉइड यांचा संकर सहसा जमतच नाही. बोंड धरल्यासारखं दिसतं आणि काही दिवसांत गळून पडतं, माणूस हवेला दोष देत बसतो. तुमचे दोन्ही जनक जुळले, बी उगवलं, म्हणजे ते एकाच गटातले असणार. नोंदीत बघून तोच गट धरा.

दुहेरी फुलांबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंत. दुहेरी आणि पिळाचं एकत्र करायच्या फंदात इतक्यात पडू नका असं माझं स्पष्ट मत आहे. दुहेरीपणात पुंकेसरांच्याच पाकळ्या होतात, त्यामुळे पराग कमी मिळतो, आणि हंगामाच्या सुरुवातीची, थंड दिवसांतली फुलं कित्येकदा एकेरीच येतात. दोन लहरी गुण एकदम सांभाळताना कशाचीच खात्री पटत नाही.

पराग लावण्याबद्दल एवढंच. सकाळी दव सुकून पराग पिठासारखा मोकळा झाला की लगेच लावा, उन्हं चढल्यावर बी धरण्याचं प्रमाण फार घसरतं. चिमट्याने एक पुंकेसर खुडून घ्या आणि स्त्रीकेसराच्या टोकाला पिवळा ठिपका दिसेपर्यंत टेकवा. तुमचं पिळाचं रोप लवकर फुलतं आणि भावंड उशिरा, असं असेल तर परागकोश एक दिवस सावलीत सुकवून, कागदाच्या पुडीत घालून, घट्ट झाकणाच्या डबीत फ्रीजमध्ये ठेवा, काही आठवडे सहज टिकतात. बोंड साधारण दीड-दोन महिन्यांत तपकिरी होऊन टोकाशी उकलायला लागतं. त्याच दिवशी काढा, नाहीतर काळं चकचकीत बी मातीत सांडतं आणि कुठलं कुणाचं ते कळत नाही. ओलसर कागदात गुंडाळून चार-सहा आठवडे फ्रीजमध्ये ठेवलेलं बी एकसारखं उगवतं.

आणि प्रत्येक फुलाला त्याच वेळी टॅग बांधा, संध्याकाळवर ढकलू नका. आधी बोंड धरणाऱ्या रोपाचं नाव, मग पराग देणाऱ्याचं, खाली तारीख. पेन्सिलने लिहा, पेनाची शाई दोन महिन्यांच्या उन्हात उडून जाते.