कन्सोल इम्युलेशन लावूनही फरक कळत नसेल तर आधी लेव्हल तपासा

तुमच्या अभंगाच्या मिक्समध्ये ३८ ट्रॅक आहेत. प्रत्येकावर एसएसएल ४००० ई या जुन्या मिक्सिंग कन्सोलचं इम्युलेशन, म्हणजे त्याच्या आवाजाची नक्कल करणारा प्लगिन (सॉफ्टवेअर), लावलंय, पण एका ट्रॅकवर बंद-चालू करून पाहिलं तर काहीच फरक कळत नाही. म्हणून आता नीव्ह या दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलचं घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. आत्ता तरी घेऊ नका. तुमच्या कानांत काही दोष नाही. एकाच ट्रॅकवर ऐकलं तर फरक जेमतेमच असतो.

हे कन्सोल बनवणाऱ्यांना आवाज शक्य तितका स्वच्छ टेपपर्यंत पोचवायचा होता. वेसेक्स स्टुडिओसाठी १९७० मध्ये नीव्हचं १०७३ मॉड्यूल तयार झालं. त्यात आवाज आत येताना आणि बाहेर पडताना ट्रान्सफॉर्मरमधून जातो, आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा खालच्या स्वरांना आधी तुंबतो (यालाच सॅच्युरेशन म्हणतात). १९७९ च्या एसएसएल ४००० ई मध्ये लेव्हल व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारं) सर्किट ठरवतं, त्याची धाटणी वेगळी. दोन्हीकडे, योग्य लेव्हलला चालवलं तर एका चॅनेलमधलं डिस्टॉर्शन अगदी थोडं असतं. ते ३८ चॅनेलवर साचतं आणि शेवटी बसवर (सगळे ट्रॅक एकत्र होतात त्या वाटेवर) एकत्र येतं, तेव्हा कानाला जाणवू लागतं.

आता तुमची मुख्य अडचण. तुम्ही लिहिलंय की घरी रेकॉर्डिंग करताना क्लिपिंगच्या (आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटण्याच्या) भीतीने पीक, म्हणजे आवाजाची सर्वांत उंच टोकं, -२४ डीबीएफएसच्या आसपास ठेवले. म्हणजे गाण्याच्या ट्रॅकची सरासरी -३५ च्याही खाली असणार. खऱ्या कन्सोलवर व्हीयू मीटरचं (सरासरी लेव्हल दाखवणाऱ्या काट्याचं) शून्य म्हणजे +४ डीबीयू, साधारण १.२३ व्होल्ट, आणि बरीचशी इम्युलेशन्स -१८ डीबीएफएस (डिजिटल माप, ज्यात शून्य ही कमाल मर्यादा) म्हणजे ते शून्य असं धरून बनवलेली असतात. तुमचा आवाज त्या सर्किटच्या सगळ्यात सरळ भागातून, कुठेही न घासता निघून जातोय. शिवाय प्लगिन सहसा फेडरच्या (ट्रॅकचा आवाज ठरवणाऱ्या सरकपट्टीच्या) आधी बसतो, त्यामुळे फेडर कितीही वर ढकलला तरी प्लगिनला पत्ताच लागत नाही. क्लिप गेन (रेकॉर्डिंगच्या तुकड्याचाच आवाज) वाढवा, किंवा प्लगिनच्या आधी एक साधा गेन ठेवा. गायिका, हार्मोनियम, तानपुरा यांची सरासरी -१८ ला आणा.

पखवाज आणि टाळ यांना मात्र हा नियम लावू नका. व्हीयूचा काटा वर यायला ३०० मिलिसेकंद घेतो. पखवाजाची थाप तोवर संपलेली असते, आणि काटा शून्यावर आणायच्या नादात पीक कुठल्या कुठे जातात. मी स्वतः एका भजनाच्या कामात हेच केलं होतं. मिक्स पूर्ण झाल्यावर सगळीकडे इम्युलेशन चढवलं, पखवाज काटा बघून लावला, आणि 'धा' ची धार पार बोथट झाली. तीन दिवस ईक्यूमध्ये (स्वरपट्टे कमी-जास्त करण्याच्या सोयीत) शोधत बसलो. तालवाद्यांसाठी पीक -१० ते -८ च्या दरम्यान ठेवून कानाने ठरवा.

टाळांबद्दल आणखी एक गोष्ट, कारण आपल्या संगीतात ती फार त्रास देते. ४४.१ किलोहर्ट्झच्या सेशनमध्ये टाळाच्या १३ किलोहर्ट्झच्या स्वराचा तिसरा हार्मोनिक (प्लगिनमुळे उमटणारा, तिप्पट कंपनांचा उपस्वर) ३९ वर पडतो. अशा सेशनमध्ये सुमारे २२ च्या वर जागाच नसते, म्हणून तो दुमडून ५.१ किलोहर्ट्झवर येतो, जिथे कान बराच तिखट असतो तिथे. त्या खरखरीचा टाळाशी सुराचा काहीही संबंध नसतो. प्लगिनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग (आतल्या आत जास्त सॅम्पल रेटवर काम करण्याची सोय) असेल तर टाळ आणि चिपळ्यांवर चालू करा. नसेल तर त्या ट्रॅकवर इम्युलेशन लावूच नका, काही बिघडत नाही.

आणि बस. चॅनेलवर तुम्ही प्लगिन लावलेत, पण मास्टर बसवर काही लावल्याचं लिहिलेलं नाही. माझ्या मते गंमत तिथेच आहे. तानपुऱ्याचा षड्ज २४० हर्ट्झ आणि गायिका पंचमावर, ३६० वर, थांबली आहे असं धरा. वेगवेगळ्या चॅनेलवर प्रत्येकीला फक्त स्वतःचे हार्मोनिक मिळतात. दोघी एकत्र होऊन दुसरा हार्मोनिक देणाऱ्या सर्किटमधून गेल्या की बेरीज-वजाबाकीचे स्वरही उमटतात: १२० हर्ट्झ, म्हणजे खालचा षड्ज, आणि ६००, म्हणजे वरच्या सप्तकातला गंधार! सूर पक्का असेल तर हे इतकं गोड लागतं की मिक्स आपोआप जुळल्यासारखा वाटतो. सूर हललेला असेल तर तेच सर्किट गढूळपणा वाढवतं, तेव्हा आधी ट्रॅक निवडताना कठोर व्हा.

पैसे न घालवता हे ऐकायचं असेल तर एअरविंडोजच्या क्रिस जॉन्सन यांचे कन्सोल प्लगिन वापरून पाहा, मोफत आहेत. त्यांच्या मूळ कल्पनेत चॅनेलवर साइन फलन आणि बसवर त्याचं उलट फलन लावलेलं असतं. एकटा ट्रॅक पाठवलात तर तो जसाच्या तसा बाहेर पडतो. बदल फक्त बेरजेत होतो. मला ही फार सुंदर कल्पना वाटते. एक पथ्य आहे: चॅनेल प्लगिन शेवटी, फेडरच्या नंतर बसवायचा आणि बसवर त्याच्या आधी काहीही ठेवायचं नाही.

इम्युलेशनमधलं नॉइजचं बटण बंद ठेवा. ३८ चॅनेलचा सारख्याच पातळीचा पण स्वतंत्र हिस (सूं आवाज) एकत्र झाला की सुमारे १६ डीबीने वाढतो, आणि आलापाच्या आधीच्या शांततेत तो ऐकू येतो.

नीव्हच घ्यायचं असेल तर सॅच्युरेशनपेक्षा ईक्यूसाठी घ्या. १०७३ मध्ये मधल्या पट्ट्याला सहाच जागा आहेत, ३६० हर्ट्झपासून ७.२ किलोहर्ट्झपर्यंत. इतक्या कमी पर्यायांत हात पटकन निर्णय घेतो.

आता लेव्हल लावून घ्या, चॅनेल आणि बस दोन्हींवर प्लगिन ठेवा, सगळे फेडर खाली आणून मिक्स नव्याने उभा करा. मग इम्युलेशनसह आणि त्याशिवाय अशा दोन फाइल काढा, दोन्हींची लाउडनेस ०.१ डीबीच्या आत जुळवा, कारण थोड्या मोठ्या आवाजाची फाइल सहसा चांगली वाटते. घरातल्या कुणाला तरी फाइलींची नावं बदलायला सांगून ऐका. कोणती आवडली ते इथे कळवा, आणि सोबत पखवाजाच्या ट्रॅकचे पीकही लिहा.