सोलापूरच्या उन्हाळ्यात सशाच्या माद्या गाभण का राहत नाहीत?

बहुतेक वेळा दोष मादीचा नसतो, नराचा असतो. सशाला घाम जवळजवळ येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून आणि श्वासातून बाहेर टाकतो. शेडमधलं तापमान ३० अंशांच्या वर टिकलं की नराच्या वीर्याची प्रत घसरते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे असतो. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात, म्हणून जूनमध्ये पाऊस आला तरी लगेच फरक दिसत नाही. तेवढ्यावरून चांगली मादी विकू नका.

नरांना शेडच्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर, बाजूंना ओलं गोणपाट, दुपारी पिंजऱ्यात गोठवलेल्या पाण्याची बाटली. पण हवा खेळती हवीच. बंद शेडमध्ये नुसता ओलावा वाढवला तर सर्दी-न्यूमोनिया होतो.

जोड पहाटे लावा, आणि मादीच नराच्या पिंजऱ्यात न्या. उलट केलं तर मादी भांडते. १२ ते १४ व्या दिवशी पोट हलक्या हाताने चाचपा, द्राक्षाएवढ्या गाठी लागतात. नसतील तर पुन्हा जोड लावा. गाभणकाळ ३० ते ३२ दिवसांचा, वेताची पेटी (मादी पिल्लं घालते ती) २८ व्या दिवशी ठेवा.

उन्हात खाणं कमी होतंच. खुराक आणि घास संध्याकाळी द्या. सुबाभूळ मात्र बेताने. त्यातल्या मिमोसिन या विषारी घटकाने केस गळतात.